गटारात उतरणारा माणूस आणि आरोग्याचे शिक्षण

सार्वजनिक आरोग्य म्हटले की आपल्या सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे दवाखाना उभा राहतो. डॉक्टर, परिचारिका, लसीची कुपी, फार तर भिंतीवर रंगवलेले ‘हात स्वच्छ धुवा’. शहराच्या आरोग्याचे काम पहाटे हजेरीशेडवर सुरू होते, झाडू, फावडे आणि घमेले घेऊन निघालेल्या माणसांच्या हातून ते होते, आणि ती माणसे ठराविक जातींतूनच आलेली असतात, हे या चित्रात कोठेच नसते. ज्यांच्या श्रमावर शहराचे आरोग्य उभे आहे त्यांना आरोग्याच्या पुस्तकात जागा नाही. त्यांच्या वस्तीला मात्र जागा आहे, ती रोगाचे उगमस्थान म्हणून. आरोग्यशिक्षणाचा विचार करायचा तर तो या उलट्या मांडणीपासूनच करावा लागेल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात ही मांडणी फार उघडी दिसते, म्हणून येथे त्याच पट्ट्याविषयी लिहितो आहे.

हा पट्टा रेल्वेने घडवला. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि दुसऱ्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. पुढे मुंबईत ज्याला घर परवडेना तो या रुळांच्या कडेने वसत गेला. ठाण्याची महानगरपालिका १९८२ साली झाली, कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर गेलेली होती. माणसे आधी आली, घरे मागोमाग झाली, गटारे त्यानंतर. काही भागांत ती अजून यायची आहेत. इमारत उभी करताना बिल्डरने खाली सेप्टिक टाकी बांधली, सदनिका विकल्या आणि तो निघून गेला. टाकी तुंबली की सोसायटीचा सेक्रेटरी ओळखीच्या कंत्राटदाराला फोन करतो किंवा सरळ नाक्यावरून दोन माणसे घेऊन येतो. मैल्याची विल्हेवाट हा साऱ्या शहराचा प्रश्न. तो असा एका सेक्रेटरीच्या आणि दोन बिगाऱ्यांच्या अंगावर येऊन पडला.

हे काम कोणी करायचे हे मात्र कधीच अनिश्चित नव्हते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मैला उचलण्याच्या सेवेसाठी जो कर होता त्याचे नावच ‘हलालखोर कर’. एका जमातीचे नाव सरळ कायद्याच्या कलमात आणि कराच्या पावतीत जाऊन बसले. पुढे शब्द बदलत गेले. सफाई कामगार आले, स्वच्छतादूत आले, २०२० च्या करोनाच्या साथीत ‘योद्धे’ही झाले. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेखाली गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांची नोंद सुरू झाली. २०२४ पर्यंत नोंदल्या गेलेल्या सुमारे ३८,००० कामगारांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. आदिवासी आणि इतर मागासवर्गीय धरले तर हा आकडा ९२ टक्क्यांवर जातो. मैला उचलण्याच्या कामाची जातिवार विभागणी दाखवणारा हा आकडा सरकारचाच आहे. त्यावर आणखी भाष्य करण्याची गरज नाही.

आता मरणाकडे वळू. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस डोंबिवलीत खंबाळपाडा भागात चेंबरमध्ये उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. त्यानंतर आठवडाही गेला नाही तोच, १ नोव्हेंबरला, कल्याण पूर्वेत नेतिवली भागातील एका विहिरीने पाच जणांचा बळी घेतला. विहीर साफ करायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दोघे उतरले, ते तिघेही वर येईनात म्हणून अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. पाचही जण गेले. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळी येथे एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पाची टाकी साफ करताना तीन मजूर मेले. सात महिन्यांच्या आत, लोकलच्या एकाच मार्गावर, अकरा माणसे. वर्तमानपत्रांनी याला ‘दुर्घटना’ म्हटले. दुर्घटना म्हणजे जी आधी कळत नाही ती. येथे काय घडणार हे विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

बंद जागेत मैला, भाजीपाला, मेलेली जनावरे कुजू लागली की हवेतला प्राणवायू संपत जातो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. यांत खरा मारेकरी हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली तळाशी साचून राहतो; वरून डोकावणाऱ्याला त्याचा नीट अंदाज येत नाही. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो हे आपले कामगार अनुभवाने जाणतात आणि वास आला तर सावध होतात. घात होतो तो येथेच. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास कमी झाला असे वाटते तेव्हा वायू वाढलेला असू शकतो. प्रमाण सातशे-हजारावर गेले तर माणूस जवळजवळ लगेच कोसळतो आणि थोड्याच वेळात श्वास थांबतो. ओरडायलाही अवसर मिळत नाही. गाळ शांत असतो तोवर पुष्कळसा वायू त्यातच अडकलेला असतो. फावडे मारून गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. म्हणूनच ‘पहिल्यांदा उतरलो तेव्हा काही झाले नाही, दुसऱ्यांदा उतरलो आणि चक्कर आली’ असे अनुभव ऐकायला मिळतात.

जुन्या कामगारांच्या काही परीक्षा आहेत. कंदील किंवा पेटती काडी खाली सोडून पाहायची. झाकण उघडल्यावर झुरळे हालताना दिसली तर हवा बरी आहे असे समजायचे. दिवा विझला तर प्राणवायू फार कमी आहे एवढे कळते. पण दिवा विझला नाही म्हणून विषारी वायू नाही असे मुळीच नव्हे, आणि मिथेन असेल तर त्याच काडीने भडका उडतो. तोंडाला बांधलेला रुमाल, करोनाच्या काळातला कापडी मास्क, धूळ अडवणारा मास्क यांतून वायू सरळ आत जातो. आत उतरणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारे उपकरणच लागते. उतरण्यापूर्वी झाकणे उघडून पंख्याने हवा खेळवायची, दोरीला बांधलेले वायुमापक खाली सोडून प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या वर आहे आणि विषारी वायू नाही हे पाहायचे, अंगाला पट्टा आणि वर तिवई असेल तरच उतरायचे, म्हणजे कोणी आत न जाता त्याला वर ओढता येईल. एवढे सारे करण्यापेक्षा सक्शन गाडी लावणे स्वस्त आणि सोपे आहे हे उघड आहे. पण माणूस त्याहून स्वस्त मिळतो, म्हणून गाडी येत नाही.

दुसरा, तिसरा, चौथा माणूस का मरतो, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. साथीदार खाली पडलेला दिसतो. वाटते घसरला, घेरी आली, हात देऊन ओढू. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संशोधन संस्थेने १९८६ सालीच सांगून ठेवले होते की बंद जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. नेतिवलीच्या विहिरीत पाचांपैकी चार जण वाचवायला गेलेले होते. त्यांच्या माणुसकीने त्यांचा जीव घेतला असे म्हणून हळहळणे सोपे आहे. उपकरणाशिवाय कोणीही मागे उतरायचे नाही, हे एक वाक्य नाक्यावरच्या प्रत्येक बिगाऱ्याला, प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनला पाठ असते तर काय झाले असते, असे विचारणे अधिक उपयोगाचे. या शहरांत डासांच्या अळ्यांवरची पत्रके घरोघर वाटली जातात. हे वाक्य छापलेले पत्रक किती वाचकांच्या पाहण्यात आले आहे?

येथे आरोग्यशिक्षणाची दिशा पाहिली पाहिजे. ते वरून खाली येते आणि सूचनेच्या रूपात येते. उघड्यावर बसू नका, पाणी उकळा, कचरा वेगळा करा. सूचना चुकीच्या नाहीत. पण ज्या वस्तीत नळाला दोन दिवसांतून एकदा पाणी येते आणि शंभर माणसांना दोन शौचकूप असतात तेथे त्या उपदेशापेक्षा आरोपासारख्या ऐकू येतात. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारचे आरोग्यशिक्षण सोल्जरांच्या बुटांनी घरांत शिरले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. एकाच शहरात, एकाच महिन्यात सार्वजनिक आरोग्याच्या या दोन पद्धती शेजारी शेजारी होत्या. आपल्या नगरपालिकांनी वारसा कोणत्या पद्धतीचा घेतला हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

खालून वर जाणाऱ्या ज्ञानाला तर वाटच नाही. स्वच्छता निरीक्षक होण्यासाठी पदविका लागते. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ती कित्येक वर्षे शिकवते आहे. निरीक्षकाने शिकावे हे योग्यच आहे. पण ज्याच्या हातात फावडे असते त्या कंत्राटी माणसाचे शिक्षण कामाच्या पहिल्या दिवशी मुकादमाने दिलेल्या शिवीपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तेथेच संपते. उलट कोणत्या चेंबरमध्ये कारखान्याचे पाणी मिसळते, कोणत्या गल्लीत रात्री दवाखान्याच्या सुया टाकल्या जातात, कोणती टाकी पावसाळ्यात फुटेल हे त्यालाच ठाऊक असते. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्याजवळ ही माहिती जीवनमरणाची आहे; तेथे २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली रस्ता गुलाबी झाला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने छायाचित्रे पाहिली. गटारात उतरणारा माणूस हे रंग रोज पाहतो. त्याला विचारणारी वही कोणत्याही कार्यालयात नाही.

दवाखान्यातही हेच घडते, आणि तेथे जात अधिक सूक्ष्म रीतीने काम करते. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा या पट्ट्यातला पावसाळी रोग. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्याचे नाव घरोघर झाले. पाय फुटलेले असले, बोटाला जखम असली की दूषित पाण्यातून जंतू शरीरात शिरतात. बहुधा एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जबर वेदना, लाल डोळे. दुर्लक्ष झाले तर कावीळ, मूत्रपिंडे निकामी, मृत्यू. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारखे साधे, स्वस्त औषध पुरते. पण पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो सुरुवातीला सारखेच दिसतात. डॉक्टरला फरक करायचा तर रुग्ण काय काम करतो हे कळावे लागते. आणि आपला माणूस ते सांगत नाही. ‘महापालिकेत आहे’ म्हणतो, ‘कंपनीत हेल्पर’ म्हणतो. का सांगत नाही हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावण्याची गरज नाही. कामाचे नाव उच्चारले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. डॉक्टरही विचारत नाही, कारण त्याच्या बाहेर दोनशे माणसांची रांग असते. अशा रीतीने अस्पृश्यतेने शिकवलेली लाज केसपेपरवर कोरी जागा होऊन उतरते, आणि त्या कोऱ्या जागेमुळे रोग ओळखायला चार दिवस उशीर होतो. माझ्या मते आरोग्यशिक्षणातला आपल्या चळवळीचा खास वाटा येथे आहे. ‘डॉक्टरला आधी काम सांगा, मग ताप सांगा’ हे सरकारी पत्रकाने सांगून होणारे काम नाही; ज्याने ती लाज स्वतः टाकली आहे त्यानेच जाऊन सांगावे लागेल.

सुयांचेही तसेच. कचऱ्यात टोचलेल्या सुईतून कावीळ ब आणि एचआयव्ही दोन्ही येऊ शकतात. कावीळ ब साठी तीन डोसांची लस आहे; एचआयव्हीसाठी टोचल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू करावे लागते आणि जितके लवकर तितके बरे. दवाखान्यांचा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ ब आणि धनुर्वाताची लस द्यावी असे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत आहे. पण घराघरांतून मधुमेहींच्या इन्सुलिनच्या सुया ज्या घंटागाडीत पडतात, तिच्यावरच्या पोरांना ही लस कोणी द्यायची?

आजारी पडल्यावर जायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. कल्याणात रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीत शास्त्रीनगर. रोग्याची प्रकृती गंभीर झाली की चिठ्ठी मिळते ती कळव्याची, नाहीतर मुंबईची. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे, पण भार साऱ्या जिल्ह्याचा. २०२३ साली ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची जुनी जागा नव्या इमारतीसाठी रिकामी झाली आणि तो भार आणखी वाढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्यात एका दिवसरात्रीत अठरा रुग्ण दगावले तेव्हा मंत्री आले, चौकशी समिती झाली. अठरापैकी प्रत्येकाच्या मृत्यूचे कारण वेगळे असेल; डॉक्टरांवर राग काढून भागणार नाही. जेथे गरिबांचा सारा जिल्हा एका दारात उभा राहतो तेथे उशिरा पोचणारा माणूस सर्वांत आधी मरतो, आणि उशिरा पोचणारा कोण असतो हे वर सांगितले आहे.

कायदा काय म्हणतो? १९९३ साली हाताने मैला उचलायला बंदी झाली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख केली. कायमचे अपंगत्व आले तर किमान वीस लाख. गोवंडीत खासगी सोसायटीची टाकी साफ करताना मेलेल्या तीन कामगारांच्या विधवांना सरकारने आधी पैसे द्यावेत आणि मग जबाबदार माणसाकडून वसूल करावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. कार्यकर्त्यांनी हा निकाल विसरू नये, कारण ‘काम खासगी होते, आमचा संबंध नाही’ हे उत्तर आपल्याला नेहमीच ऐकावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महानगरांत माणसाकडून गटार साफ करून घेणे बंद करा असा आदेश दिला. त्यात मुंबई आहे. ठाणे नाही, कल्याण नाही. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की आदेशाची भाषा संपते. २०१३ चा कायदा मात्र दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे, हे ठासून सांगत राहावे लागेल.

शब्दांची एक चलाखीही ध्यानात ठेवली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले की हाताने मैला उचलण्यामुळे कोणाचाही मृत्यू झाल्याची नोंद नाही. तांत्रिकदृष्ट्या ते खरे ठरवता येते, कारण कायद्यात गटारातले मरण ‘धोकादायक सफाई’ या दुसऱ्या खणात पडते. माणूस तोच, मैला तोच, रकाना वेगळा. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या पक्षाच्या मंत्र्याने ही रकान्यांची भाषा उच्चारावी याचे वाईट वाटते.

न्यायालयांना शहराची घाण दिसते ती बहुधा दुसऱ्या बाजूने. एप्रिल २०१५ मध्ये कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट होत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देणे बंद केले. वर्षभर बंदी राहिली. बिल्डरांचे किती नुकसान झाले, घरांचे भाव काय झाले याची चर्चा गावभर होती. आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगरावर वेचणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांत काय गेले याची चर्चा ऐकल्याचे स्मरत नाही. आधारवाडी २०२१ साली बंद झाली, ठाण्याची दिव्यातली कचराभूमी २०२३ साली. चांगलेच झाले. वेचणाऱ्या बायका पुढे कोठे गेल्या?

आणखी एका अवघड प्रश्नाला हात घालतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. खोली टिकते, पगार टिकतो, कुटुंब रस्त्यावर येत नाही. हा हक्क लढून मिळालेला आहे आणि तो काढून घेण्याची भाषा करणाऱ्यांचा हेतू मला शुद्ध वाटत नाही. तरीही पदवी घेतलेला मुलगा बापाच्या झाडूवर सही करतो तेव्हा आपण काय जपले, याचा विचार शिक्षकांनी तरी करावा. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे पद मिळावे ही मागणी जोरात धरली तर हाच हक्क दार होऊ शकतो. हजेरीशेडवर वाढलेली, गटाराचे शास्त्र घरात ऐकलेली मुलगी स्वच्छता निरीक्षक झाली, परिचारिका झाली, तर तिच्याइतके आरोग्यशिक्षण कोण देऊ शकेल? कंत्राटी कामगाराला तर हा वादही परवडत नाही; त्याला वारसा देण्यासारखे काही नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे खटला चालवून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करून घेतले. ठाणे-कल्याणच्या संघटनांनी तो खटला मुळातून वाचावा.

कामाला कोठून लागायचे? माहितीच्या अधिकारात साधे प्रश्न विचारता येतात. प्रभाग कार्यालयात वायुमापके किती, ती शेवटची कधी तपासली, तिवई आणि पट्टे कोणाच्या ताब्यात, कंत्राटी कामगारांपैकी किती जणांना कावीळ ब च्या तिन्ही मात्रा मिळाल्या, लेप्टोच्या रुग्णांच्या नोंदीत व्यवसायाचा रकाना भरला जातो का. ‘नोंद उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तरी ते जपून ठेवावे. न्यायालयात तेच कामाला येते.

आणि वाचकांपैकी जे आज शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले म्हणून कल्याण पूर्वेला, डोंबिवलीला, कळव्याला सोसायटीत राहतात, त्यांच्या इमारतीखालीही सेप्टिक टाकी आहे. ती तुंबल्यावर कोणाला बोलावले जाते, तो यंत्र आणतो की माणूस, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारता येते आणि इतिवृत्तात लिहून घेता येते. सक्शन गाडीचे भाडे सदनिकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम फार मोठी नसते. ठराव एका ओळीचा आहे: या टाकीत कोणत्याही कारणाने माणूस उतरवला जाणार नाही. सूचक आणि अनुमोदक असे दोघे लागतात.